तिर्झाच्या बापाचं नाव

"यात माझा बाप कुठाय?" तिर्झाने विचारलं.

यिह्या चर्मपत्रावर ओळी आखत होता. त्याने मान वर केली नाही. लग्नाच्या कराराचा कच्चा कागद शेजारी पडला होता आणि होणाऱ्या सुनेने नेमका तोच उचलला होता. वर: एल्कना, यिह्याचा मुलगा. वधू: तिर्झा, आपला पिता अब्राहाम याची मुलगी.

"बाहेरून धर्मात आलेल्यांचं असंच लिहितात, मूळपुरुष अब्राहाम हाच बाप," तो म्हणाला. "सगळ्यांचं."

"माझ्या बापाचं नाव क्रिसांतो आहे. मागच्या गल्लीत राहतो. परवाच तुम्ही त्याच्याकडून फाशांच्या डावात हरलात."

यिह्याची बायको बद्रा लखूखच्या जाळीदार पोळ्या भाजत होती. ती आतूनच म्हणाली, की नुसता हरला नाही, डाव उधळून घरी आला.

आमच्या नाखलाओत या जुन्या यहुदी वस्तीच्या गल्लीबोळांत यिह्याला लेखनिक म्हणूनच ओळखतात. शास्त्राच्या गुंडाळ्या, दाराच्या चौकटीवरचे लेख, लग्नाचे करार, सगळं हाताने. येमेनमधून बापाने आणलेली ही विद्या. सकाळी बोरू तासायचा, शाईत बुडवायचा आणि टोक नीट चालतं का ते बघायला रद्दी तुकड्यावर अमालेक या जुन्या वैऱ्याचं नाव लिहून त्यावर काट मारायची. लेखनिकांची रीतच आहे ती. बद्रा म्हणते, ज्याला विसरायचंय त्याचं नाव हा माणूस रोज सकाळी पहिलं लिहितो. माझं चाळीस वर्षांत एकदाच लिहिलंन, तेही करारावर.

पण लिहून लिहून यिह्याला एक गोष्ट कळली होती. शास्त्रातल्या शेजारच्या जमाती, ज्यांना इतक्या शिव्या, त्या बहुतेक नात्यातल्याच निघतात. मवाब आणि अम्मोन ही अब्राहामच्या पुतण्याची पोरं. अदोम तर अब्राहामच्या नातवाच्या सख्ख्या जुळ्या भावाचा वंश. मवाबच्या माणसाला दहा पिढ्या दार बंद, आणि मवाबमधूनच आलेली एक विधवा सून पुढे आपल्या थोर राजाची पणजी. हे तो प्रार्थनेच्या वेळी कुणापुढे बोलत नसे. बद्रापुढे एकदा बोलला होता. ती म्हणाली, "मग काय तर. परक्यांवर डूख धरायला वेळ कुणाला असतो? माझी भावजय बघा."

तिर्झा तेल अवीवच्या बसस्थानकामागे वाढली, सैन्यात दोन वर्षं काढली, बाजारात भाजीवाल्याला गप्प करते. आईबाप फिलिपिन्सचे, आई लवकर गेली. धर्मात यायला पुन्हा दोन वर्षं शिकली. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलींनी, तीही बाहेरून धर्मात आलेली म्हणून, त्या मवाबच्या सुनेचं नाव घेतलं. हिने नाही घेतलं. शास्त्रात, वाळवंटातल्या वाटेवर ज्या पाच बहिणींनी 'आमच्या बापाचं नाव पुसू नका' म्हणून सगळ्या जमातीपुढे उभं राहून मागणं केलं, त्यांच्यातल्या एकीचं तिने घेतलं. आता तेच तिने काढलं.

"त्या पाचजणींचं मोशेने ऐकलं, अब्बा. वर देवानेही ऐकलं. तुम्ही काय त्यांच्या वरचे लागून गेलात?"

यिह्याने समजावलं, की त्यांचा बाप जमातीतला होता. इथे दुसरं नाव लिहिलं तर लग्न लावणारा रब्बी करार परत करेल. उगाच कुणाला शंका आली तर तिची धर्मात यायची ती दोन वर्षं पुन्हा तपासायला घेतील. त्याला ते नको होतं. तिलाही नको होतं. तिने कागद जागेवर ठेवला.

"ताताय काही बोलणार नाही," ती म्हणाली. बापाला ती ताताय म्हणते. "म्हणून मी बोलले."

ती गेल्यावर यिह्याने लिहायला घेतलं. एल्कनाचं नाव झालं. पुढे 'यिह्याचा मुलगा' लिहायचं, तिथे हात अडला. स्वतःचं नाव त्याने हजार वेळा लिहिलं असेल, पण कुणाच्या तरी समोर एकट्याने जेवायला बसल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. त्याने बोरू ठेवला आणि मागच्या गल्लीत गेला.

क्रिसांतो पायरीवर बसून गुडघे शेकत होता. चौदा वर्षं त्याने एका पोलिश म्हाताऱ्याला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. गुडघे त्यातच गेले. त्या म्हाताऱ्याकडूनच तो हिब्रू शिकला, त्यामुळे उसासेसुद्धा पोलिश टाकतो. यिह्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. क्रिसांतोने गरम पाण्याची पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"हा अब्राहाम," त्याने विचारलं, "त्याचा बाप तुमच्यातला होता?"

"नाही. मूर्ती घडवायचा म्हणतात."

"बरं. आणि म्हातारपणी याचं कोण करत होतं?"

यिह्याला चाळीस वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. त्याने सांगितलं, की पावणेदोनशे वर्षांचा होऊन मेल्यावर दोन्ही मुलांनी मिळून त्याला पुरलं, एवढं लिहिलंय. एकाला तर लहानपणीच घराबाहेर काढलेलं, तरी तो आला.

"पुरायला येतातच मुलं," क्रिसांतो म्हणाला. "पण पावणेदोनशे वर्षांचा माणूस. त्याला उठवायला, बसवायला कुणीतरी ठेवलेला असणारच. त्याचं नाव लिहिलंय?"

"नाही."

"मग झालं." तो हसला आणि एक लांब पोलिश उसासा टाकला. "लिहा तुम्ही. मुलगी चांगल्या घरची वाटली पाहिजे."

यिह्याने लिहिलं. अक्षर इतकं सुरेख आलं, की बद्राने दोनदा पाहिलं आणि टोमणा मारला नाही.

लग्न प्रार्थनामंदिराच्या अंगणात झालं. आमच्यातली बरीच मंडळी सत्तरीच्या पुढची, म्हणून मांडवासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. क्रिसांतोला उभं राहवेना, त्यालाही पहिल्या ओळीत बसवलं; त्याला सोबत म्हणून यिह्या मांडवाखालून येऊन शेजारी बसला. रब्बीने करार वाचायला घेतला. जुनी भाषा, वाचणाऱ्यालाच जेमतेम कळते; बायका एकमेकींच्या बांगड्या बघत होत्या.

'तिर्झा' ऐकू आलं, मागोमाग 'अब्राहाम'. त्या सगळ्या मजकुरात क्रिसांतोला कळण्यासारखं तेवढंच होतं. त्याने खुर्चीच्या पाठीला धरलं आणि तो उठून उभा राहिला. शाळेत नाव पुकारल्यावर राहतात तसा, हात बाजूला, हनुवटी वर.

रब्बी थांबला. सगळ्या खुर्च्यांत एकटा क्रिसांतो उभा. मग यिह्या उठला.

लेखनिक उठला म्हणजे काहीतरी रीत असणार, असं समजून त्याच्या मागची ओळ उठली. तिच्या मागची ओळ, या दोन ओळी उठल्या म्हणून. बहिरा सालेमसुद्धा उठला आणि कुठली प्रार्थना चाललीये म्हणून बायकोला विचारू लागला. रब्बीने चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. हा येमेनी लोकांचा काही जुना रिवाज असावा, असं त्याला वाटलं असेल. तो अदबीने थोडा थांबला आणि मग तेच नाव पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचलं.

मांडवाखाली तिर्झाने चेहऱ्यावरची ओढणी वर करून पाहिलं. पहिल्या ओळीत दोन्ही बाप उभे होते. आणि क्रिसांतोचा हात, त्याचं त्यालाही कळायच्या आत, यिह्याच्या कोपराखाली गेला होता.