सात मिलिमीटरचा फरक

गाडी देताना दादाने एकच अट घातली होती. "चिमणे, वर्षभर नुसती चालव. इंजिनाला हात लावू नकोस. जुनी इटालियन बाई आहे, रुसली तर मनधरणी करताना नाकी नऊ येतील."

चिमणी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, आणि तिला चिमणी म्हणणारा जगात हा एकच माणूस होता. दादाचं जुन्या गाड्या दुरुस्त करून विकण्याचं गॅरेज होतं. ही लाल, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी त्याने कुणा म्हाताऱ्याकडून घेतली. पत्रा, रंग, सीटा सगळं नवं केलं. इंजिन मात्र खाली उतरवलंच नाही, कंपनीने बसवलेलं तेच आहे, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता. चिमणीने पूर्ण पैसे मोजून, न तपासता घेतली. भावाने दिलेल्या गाडीखाली वाकून बघायचं म्हणजे त्याने वाढलेलं ताट हुंगून बघण्यासारखं, असं तिला वाटलं.

पण हात लावू नको म्हटल्यावर हात शिवशिवणारच. आधी तिने प्लग बदलले. मग ठिणगी पाडणारे जुने पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. ठिणगी ठरल्या क्षणी पडू लागली आणि सकाळी खोकत उठणारी गाडी किल्ली फिरवताच सुरू व्हायला लागली. तरी चढावर तिला धाप लागे. आता राहिले कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल ज्यातून जातं ते बारीक भोकाचे पितळी तुकडे. भोक थोडं मोठं केलं की दम वाढतो, पण किती मोठं ते इंजिनाच्या आकारावर ठरतं. आकार, आणि पिस्टन आत किती वर-खाली धावतो तो आकडा, दोन्ही गाडीच्या पुस्तकात छापलेले होते. छापील आकडा स्वतः पडताळून बघायचं खूळ तिच्या डोक्यात लहानपणी दादानेच भरवलं होतं, म्हणून तिने सहज प्लग काढला, त्या भोकातून विणकामाची लांब सुई पिस्टनवर टेकवली, आणि पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवलं. सुई जिथवर वर आली आणि जिथवर खाली गेली, तिथे तिने सुईवर खुणा केल्या. दोन्ही खुणांमध्ये पट्टी धरली.

सात मिलिमीटर कमी.

सुई तिरकी धरली असेल म्हणून पुन्हा मोजलं. शेजारच्या सिलिंडरमध्ये मोजलं. पिस्टन काही केल्या पुस्तकाचं ऐकेना. मग तिला उमगलं. त्याच कंपनीच्या चार दारांच्या घरगुती गाडीत बसतं ते धाकटं इंजिन होतं हे. बाहेरून दोघं जुळे भाऊ. आतून एक पैलवान आणि एक कारकून.

तिला पहिली कीव आली ती दादाची. एवढा मुरलेला माणूस, आणि एका म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाला पानं पुसावीत? हे त्याला सांगायचं कसं? तिने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाला आधी पाणी दे आणि मग सांग. गाडीत भलतंच इंजिन आहे. त्याला फसवलंय कुणीतरी."

पलीकडे वाहता नळ बंद झाला. "तू इंजिन उघडलंस?"

"प्लग काढला फक्त."

"नको म्हणाले होते ना गं तुला."

आवाजात आश्चर्य नव्हतं, नुसता थकवा होता. चिमणीने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तू त्यांच्याशीच बोल," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

चिमणी टेकू लावून गाडीखाली शिरली. दादाची एक सवय होती: नट पक्का आवळला की त्यावरून पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. नट सैल झालाच तर रेघ मोडलेली दिसते. इंजिन ज्या नटांवर उभं होतं त्या प्रत्येकावर तशी रेघ होती, ताजी आणि अखंड. जे इंजिन त्याने कधी खाली उतरवलंच नव्हतं, त्याच्या नटांवर. ती तशीच पडून राहिली. केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे आजवर तिला फक्त शब्दांत ठाऊक होतं.

गॅरेजमध्ये दादा एका हिरव्या गाडीचं बॉनेट पुसत होता. तिने सुईवरच्या खुणा दाखवल्या. त्याने पाहिल्या, आणि नाही म्हणायचे कष्टही घेतले नाहीत.

"मूळचं कुठंय?"

"एकाला शर्यतीसाठी हवं होतं. अडून बसला. तुला कुठे शर्यत लावायचीय? ऑफिसला जातेस, भाजी आणतेस. हेही दणकट आहे."

"मग आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?" तो हसला. "अगं, तुला फरक कळेल असं वाटलं नाही मला."

इंजिन गेलं ते एक वेळ चिमणी गिळूनही बसली असती. पण ज्याने हातात पट्टी दिली, त्यालाच वाटलं नाही की आपण मोजून बघू.

"जेट मी बसवून देतो," तो मऊ आवाजात म्हणाला. "घरच्या घरी मिटवू. बाहेर बोभाटा नको."

तेवढ्यात हिरव्या गाडीचं गिऱ्हाईक आत आलं, एक जाडजूड दंतवैद्य. "ही बहीण का? लाल गाडी तुमचीच ना? आमचा धंदा लोकांच्या तोंडात बघायचा, पण गाडीच्या तोंडातलं आम्हाला काय कळतंय. यांच्या शब्दावर घेतोय."

"मीही याच्याच शब्दावर घेतली," चिमणी म्हणाली.

"मग झालंच की." दंतवैद्य खूश झाला. दादानेही सुटल्यासारखा श्वास सोडला आणि फडकं खांद्यावर टाकलं. तो श्वास तिला ऐकू आला. त्याला आताही वाटत होतं की बहीण आहे, सांभाळून घेईल.

"माझ्या गाडीत काय निघालं, ते याला विचारा," ती म्हणाली.

दंतवैद्य एकदा तिच्याकडे, एकदा दादाकडे बघू लागला. "म्हणजे?"

"चिमणे," दादा हळूच म्हणाला.

ती जागची हलली नाही.

दादाने खांद्यावरचं फडकं काढलं, स्वच्छच असलेले हात पुसले. "गाडी उत्तम आहे तिची," त्याने सुरुवात केली. "रंग बघा, पत्रा बघा—"

"इंजिन, दादा," ती म्हणाली. "इंजिनाचं सांग."