हिरवा पू

वाशीच्या हायस्कुलात विमल शास्त्र शिकवायची. घर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. त्या घरातली मुलगी बेडूक चिरते ही गोष्ट तिच्या आईनं चार वर्षं शेजारपाजाऱ्यांना कळू दिली नव्हती.

१९६३ च्या पावसाळ्यात पोटावर नुसता छेद दिलेला एक बेडूक तिच्या हातून निसटला आणि शाळेमागच्या डबक्यात गेला. त्या डबक्यात म्हशी बसायच्या, पाण्याला घाण वास यायचा. आठ दिवसांनी तोच बेडूक मुलींनी पकडून आणला. जखम स्वच्छ, जवळजवळ भरून आलेली. त्याच ब्लेडनं विमलचं बोट कापलं होतं, ते मात्र पिकून ठणकत होतं.

मग ती त्याच्या मागंच लागली. किराणा दुकानातून चायना ग्रास आणली, मटणाच्या रश्शात उकळून बशांमध्ये थिजवली, त्यावर आपल्या बोटाचा पू पसरला आणि मधोमध बेडकाच्या कातडीवरचा चिकट थेंब ठेवला. दोन दिवसांत बशीभर जंतूंची साय धरली; थेंबाभोवती मात्र रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ राहिलं. थेंब उकळून ठेवला तरी तेच.

ऑक्टोबरात तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर दारू पेटली आणि दगडोबा नावाचा कामगार भाजला. उजवा हात आणि छाती. त्याला वाशीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर रोज पेनिसिलिन टोचत होते, पण आठव्या दिवशी जखमेतून हिरवा पू यायला लागला आणि खोलीभर गोडसर वास सुटला. कंपाउंडर गोरोबा विमलच्या ओळखीचा होता. त्यानं पुवानं भरलेला बोळा तिला आणून दिला. तिनं बशा लावल्या. पेनिसिलिननं त्या जंतूंचं काही वाकडं झालं नाही. बेडकाच्या थेंबापुढं ते टिकले नाहीत.

गोरोबाच्या तोंडून ही बातमी दगडोबाच्या बायकोपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी कडूबाई शाळेच्या दारात उभी.

"बाई, तुमच्यापाशी औषध हाय म्हनं."

"औषध नाही ते, कडूबाई. अजून नाही."

"बेडकाचं हाय ना? द्या की. म्या सोता लावते."

विमलनं तिला आत नेलं. सकाळीच तिनं खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणून मिठाच्या पाण्यात पातळ केलं होतं. त्यातलं थोडं काचेच्या नळीत घेऊन तिनं कडूबाईसमोर बेडकाचा थेंब टाकला. गढूळ लाल पाणी बघता बघता सरबतासारखं नितळ झालं.

"रक्तातल्या बारीक पेशी फुटल्या," विमल म्हणाली. "जंतू मरतात, पण हेही होतं. उघड्या जखमेवर कसं लावू?"

कडूबाईचा आवाज चढला. "म्हंजी बेडकाला हाय, म्हशीच्या डबक्यात हाय, आन माझ्या मानसाला न्हाय? मग कशाला करता ह्ये?"

यावर उपाय कुणाला ठाऊक असेल हे विमलला माहीत होतं. शहरातल्या कॉलेजात जंतुशास्त्राचे एक मोठे प्राध्यापक होते. त्यांची व्याख्यानं तिनं शिकताना ऐकली होती. त्याच दिवशी तिनं त्यांना चार पानी पत्र लिहिलं. बशांचं सगळं लिहिलं, रक्ताचं लिहिलं, आणि शेवटी विचारलं: हिरवा पू आहे, पेनिसिलिन चालत नाही, माणूस मरणाच्या दारात आहे, काय करावं?

उत्तर आलं नाही. दहा दिवसांनी तिनं दुसरं पत्र टाकलं. तेही गेलं ते गेलंच. पहिलं पत्र टाकल्यापासून चोविसाव्या दिवशी गोरोबा म्हणाला, "बाई, हात काळा पडलाय. उद्या-परवा कापतील." विमलनं रजेचा अर्ज लिहिला आणि एस.टी. धरली.

प्राध्यापक चहा पीत होते. नाव सांगितल्यावर आठवून हसले. "हां, बेडूकवाल्या बाई! पत्र आलंय तुमचं. निरीक्षण मजेदार आहे. प्रथिनाचा एखादा लहानसा तुकडा असणार. मातीतले काही जंतूही असले तुकडे बनवतात, त्यातूनच तर पॉलिमिक्सिन हे औषध निघालं. सवडीनं बघू म्हटलं."

"सर, त्या माणसाचं विचारलं होतं मी."

"कुठल्या माणसाचं?"

"शेवटच्या पानावर. हिरव्या पुवाचं."

त्यांनी टेबलावरचा ढीग चाळला. तिचं दुसरं पत्र अजून फोडलेलंही नव्हतं. "अहो, हिरव्या पुवावर औषध म्हणजे पॉलिमिक्सिनच. इथल्या मोठ्या इस्पितळात मिळतं की."

विमलचा आवाज चढला. "सर, हे एवढं वाक्य एका पोस्टकार्डावर मावलं असतं."

"आवाज खाली ठेवा. कॉलेज आहे हे."

"नाही ठेवणार! चोवीस दिवस एक माणूस सडतोय तिकडं, आणि त्याचं औषध तुमच्या जिभेवर होतं! चिठ्ठी लिहा. आत्ता, माझ्यासमोर."

शेजारच्या खोल्यांतून माणसं डोकावली. प्राध्यापकांनी लाल चेहऱ्यानं इस्पितळाच्या नावे चिठ्ठी लिहिली. एक मिनिटही लागलं नाही.

इस्पितळातून औषधाच्या कुप्या घेऊन ती दुसऱ्या दिवशी दुपारी वाशीला उतरली. हात सकाळीच कोपरापासून कापला होता. त्या औषधानं डॉक्टरांनी छातीच्या जखमा धुवायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी हिरवा रंग गेला, पंधराव्या दिवशी दगडोबा उठून बसला. जगला.

विमल भेटायला गेली तेव्हा कडूबाई त्याला भाकरी कुस्करून भरवत होती. विमलनं तिला सगळं सांगितलं: पत्रं, तो ढीग, ती चिठ्ठी. आपला संताप तिला कळावा असं तिला वाटत होतं.

कडूबाईनं ताट खाली ठेवलं. "त्येनं उत्तर दिलं न्हाय, बरं. पन तुमी चोवीस दिस कागदाची वाट बघत बसलात? एस.टी. तर रोज जाती."

विमलला खाली बघावं लागलं. मोठ्या माणसाकडं बोलावल्याशिवाय जाऊ नये, एवढ्यासाठीच ती थांबली होती. कडूबाईनं तिला बसा म्हटलं नाही.

त्या आठवड्यात विमलनं शाळेच्या प्रश्नपत्रिका छापायच्या यंत्रावर एक पान छापलं: भाजलेल्या जखमेतून हिरवा पू आला तर कोणतं औषध, कुठं मिळतं. हेडमास्तर हिंमतराव म्हणाले, "बाई, हे आपलं काम नव्हे." ती म्हणाली, "मग कुणाचं आहे ते सांगा, त्याच्याकडून करून घेते." जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्याला तिनं ते पान स्वतःच्या सहीनं पाठवलं.

डिसेंबरात प्राध्यापकांचं पत्र आलं. बेडूक आणि सगळ्या नोंदी पाठवाव्यात. शोधनिबंधाच्या शेवटी तुमचे आभार मानले जातील. विमलनं उलट टपाली कळवलं: नोंदी पाठवणार नाही. निबंध मी लिहीन, त्यावर माझं नाव असेल. मदत करायची असेल तर या.

ते आले नाहीत. विमल दर रविवारी खाटकाकडून रक्त आणत राहिली. जंतू मारेल पण रक्ताला धक्का लावणार नाही असा अंश त्या चिकट थेंबातून वेगळा काढायचा होता. तो हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि नळीतलं लाल पाणी प्रत्येक वेळी नितळ होत राहिलं. तिनं प्रत्येक वेळी तारीख घातली आणि दात आवळून पुढची नळी घेतली.