लोण्यावरचं फूल

वहिनी चोर ठरली, तर तिची गल्ल्यामागची खुर्ची वन्संना मिळणार होती. बेकरीत त्याच खुर्चीला पंखा होता, तिथूनच रस्ता दिसायचा आणि गिऱ्हाइकांच्या घरच्या बातम्या पहिल्यांदा तिथेच उतरायच्या. मागे भट्टीपाशी वन्संच्या वाट्याला घाम आणि दादाची बडबड.

पुरावा वहिनीच्या तोंडावरच होता. बघता बघता चेहरा पावासारखा गोल आणि लालबुंद झाला, पोट सुटलं, मानेमागे मांसाचा गोळा आला. हातपाय मात्र काड्या. ट्रे उचलवेना, खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागे. बेकरीवाल्यांच्या घरात माणूस फुगला, की आजार कुणाच्या डोक्यात येत नाही. आधी लोण्याच्या भांड्याकडे नजर जाते.

वन्संनी सापळा लावला. दुकान बंद करताना लोण्याच्या लादीवर बिस्किटांचा फुलाचा साचा दाबून ठेवायचा. बोट लागलं की फूल मोडणार. सकाळी आल्या आल्या त्या आधी झाकण उघडायच्या. फूल शाबूत. दुसऱ्या दिवशीही शाबूत. पुढे कितीतरी दिवस एक पाकळी हलली नाही. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. कुणी विचारलंच नव्हतं.

मग वहिनी दुकानातच कोसळली. दवाखान्यात साखर चढलेली, रक्तदाब चढलेला. तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्या, मलमं, सगळं खोदून विचारलं, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "शरीरातलं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक भलतंच वाढलंय, त्यानेच अंग असं फुगतं. कुठून, ते शोधायला आणखी तपासण्या लागतील."

"कशाला उगाच?" दादा म्हणाला. "हिचा तोंडावर ताबा नाही. चोरून लोणी खाते. ते बंद केलं की उतरेल."

"तुमचं काय म्हणणं?" डॉक्टरीणबाईंनी वहिनीला विचारलं.

वहिनी दंडावर काही न लागताच उमटलेले निळे डाग पदराने झाकत म्हणाली, "हे म्हणतात तर जाऊ घरी."

वन्संना पंख्याखालची खुर्ची स्पष्ट दिसली. फक्त गप्प बसायचं होतं. आणि तेच त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"दादा, ती खात नाही."

"तुला काय माहीत?"

"लोण्यावर रोज ठसा मारते मी. एकदाही मोडला नाही."

"वन्सं, माझ्यावर पहारा ठेवला होतात?"

"ठेवला होता. म्हणून तर सुटतेयस."

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "मग खरा चोर आत आहे. मेंदूखालची ग्रंथी हुकूम देते, तसं कॉर्टिसॉल तयार होतं. हुकूम तिचाच, की तिच्या आवाजात दुसरंच कुणी ओरडतंय, ते बघायचं."

चोर म्हटल्यावर वन्संच्या अंगात वारं शिरलं. भट्टी दादावर टाकून त्या प्रत्येक तपासणीला हजर. मेंदूखालच्या शिरांमधलं रक्त काढलं. हुकूम तिथून येत नव्हता. वन्संना आनंद लपवता येईना. "म्हणजे बाहेरचाच आहे! आता कुठे बघायचं?"

"छातीत."

पडद्यावर फुप्फुसाचे काप एकामागून एक सरकत होते. डॉक्टरीणबाईंचा हात एका पांढऱ्या ठिपक्यावर थांबला. वाटाण्याएवढी गाठ.

"एवढीशी?" वन्सं म्हणाल्या. "आणि एवढा उच्छाद?"

"दुर्मीळ आहे. पण एकच दिसतेय, आणि काढता येईल."

वहिनी पडल्या पडल्या रडायला लागली. "म्हणजे खरंच काहीतरी होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दादाने पुढे होऊन ऑपरेशनची तारीख विचारली.

गाठ निघाली. शरीराचं कामकाज जागेवर येईपर्यंत वहिनीला गोळ्या घ्याव्या लागल्या, पण गालांमागून तिचा जुना चेहरा हळूहळू परत आला. जड काही उचलायचं नाही, बसूनच काम करायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

बेकरीत बसून करायचं काम एकच होतं.

तर वहिनीने दिला फुप्फुसाचा तुकडा. दादाच्या डोक्यावर सगळे ट्रे आले, आणि आता तो ते मुकाट्याने उचलतो. खुर्ची गेली वन्संची, तीही कुल्ल्याला लागायच्या आधीच.