येगरचा डावा बूट

मर्ल डॉकेट दर मार्चमध्ये आमच्या कॉलेजात यायचा. एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी खेळाडू हेरायचं त्याचं काम. बाकीचे हेरणारे थेट कोचच्या खोलीत शिरायचे. मर्ल आधी तळघरात माझ्याकडे यायचा, डोनटचा डबा घेऊन. पोरांची हेल्मेटं, पॅड, बूट सांभाळणारा माणूस मी. अक्षरं मला पन्नाशीनंतर आली. तोवर कपाटांवरची नावं वाचता येत नव्हती, म्हणून पोरांना मी पावलांवरून ओळखायचो.

"काय ऑर्विल, यंदा कुणाच्या पायांची सेवा चाललीय?" मर्लनं विचारलं.

"येगरच्या. दुसरं कोण?"

"सव्वीस वर्षांचा घोडा तो! त्याला क्वार्टरबॅक म्हणून घ्यायचा की कोच म्हणून?"

ब्रॅन्सन येगर कॉलेजात उशिरा आला होता. वडील गेल्यावर चार वर्षं तो नदीत कोळशाच्या बोटींवर राबला. पण क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, आणि त्याच्यासारखा फेकणारा मी पाहिला नाही. एप्रिलात ड्राफ्ट असतो, संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं उचलतात. त्यात पहिल्या दोन फेऱ्यांत कुणी उचलला असता तर त्याला वेळ दिला असता, शिकवला असता. शेवटच्या फेरीत घेतलेल्या सव्वीस वर्षांच्या माणसासाठी कुणी थांबत नाही. ऑगस्टमध्ये घरी पाठवतात.

ऑक्टोबरात त्याच्या डाव्या पावलाचं हाड चिरलं. ते सगळ्यांना माहीत होतं. जानेवारीत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, आता दुखत नाही. दुखत होतं. ते फक्त मला ठाऊक होतं, कारण मी त्याचा डावा बूट अर्धा नंबर मोठा घेतला होता, तळ कापून आत पातळ पोलादी पट्टी बसवली होती आणि वरून चामडं शिवलं होतं. बोट फिरवलं तरी कळू नये असं.

"मला एक सांग," मर्ल डोनट मोडत म्हणाला, "चिरलेल्या पायानं हा नोव्हेंबरात पळाला कसा? आमच्याकडे बुटांवर तीन माणसं आहेत. तिघांना मिळून तुझ्या नखाची सर नाही."

मी कपाट उघडलं आणि बूट त्याच्या हातात दिला. माझी शिलाई त्यानं बघावी असं मला वाटलं, आणखी काही नाही.

त्यानं अंगठा आत फिरवला. "कुठं आहे? दिसत पण नाही रे!"

मी दाखवलं.

"अजून घालतो?"

"रोज," मी बोलून गेलो. मग म्हणालो, "मर्ल, हे इथंच राहू दे."

"अरे, याला जिगर म्हणतात! साहेबांना एवढंच सांगणार, हा गडी एका पायावर खेळेल. दुसऱ्या फेरीत घेतो त्याला. शब्द देतो तुला."

बावीस वर्षं तो माझ्या स्टुलावर बसत आला होता. माझी बायको गेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला आला होता. मी मानलं.

एप्रिलात ड्राफ्टला येगरच्या आईनं, लोरेटानं, मला घरी बोलावलं. शुक्रवारी दुसरी फेरी गेली, तिसरीही गेली. शनिवारी टीव्हीवरचा माणूस म्हणाला की येगरचं हाड अजून जुळलेलं नाही, असं बऱ्याच संघांच्या कानावर आलंय.

"यांना कुणी सांगितलं?" लोरेटानं विचारलं.

येगरनं टीव्हीचा आवाज बंद केला. माझ्या ताटलीत बटाट्याचं सॅलड होतं, ते मी चमच्यानं नुसतं सारत राहिलो. डॉक्टरांना नंतर कळलं असेल, असं मी स्वतःला सांगत होतो.

सातव्या फेरीत फोन वाजला. आईला ऐकू यावं म्हणून येगरनं तो स्पीकरवर टाकला.

"अभिनंदन, गड्या! तू आमचा!" मर्लचा आवाज. लोरेटानं किंकाळी फोडली. "आणि तो म्हातारा ऑर्विल आहे का तिथं? त्याचे आभार मान. त्यानं तो बूट दाखवला म्हणून जमलं. चार ठिकाणी मी हळूच कानावर घातलं आणि सगळ्यांनी हात काढून घेतले. नाहीतर कालच कुणीतरी पळवला असता तुला. शाब्बास, ऑर्विल!"

मनापासून म्हणाला तो. मला श्रेय देत होता.

येगरनं "थँक यू, सर" म्हणून फोन ठेवला.

"पॉप, तू दाखवलास?" सगळी पोरं मला पॉप म्हणायची, तोही.

"दुसऱ्या फेरीत घेतो म्हणाला होता तो."

"आधी म्हणाला की बूट बघितल्यावर?"

मी पुन्हा ताटलीतलं सॅलड सारू लागलो. त्याला ते समजलं.

"मला विचारायचंस तरी."

"चुकलो, पोरा. त्याला फोन करून चार शिव्या घालतो. तूही घाल."

"मी कशा घालणार?" येगर म्हणाला. तो ओरडला नाही. त्यानं माझ्या हातातली ताटली घेऊन टेबलावर ठेवली आणि दार उघडून धरलं. "मर्ल डॉकेटशी मला रोज हसून बोलावं लागेल आता. नोकरी आहे माझी. तुझ्याशी नाही लागणार."