डोक्यावर उभी राहिलेली बाई

मी एक जुना रोमन पैसा बोलतोय. कुठल्या राजाचा, ते मात्र एवढ्यात विचारू नका. त्या राजापायीच एका भल्या माणसाचा छंद सुटायची वेळ आली होती. तीच हकिगत सांगायला बसलोय.

माझा जन्म हातोड्याखाली झाला. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तापलेला मी. एकच दणका, की पोटावर राजा आणि पाठीवर देवी! राजाचा खजिना तेव्हा रिकामा होता, म्हणून मी आतून तांब्याचा आणि वरून नुसता चांदीचा मुलामा. बडा घर, पोकळ वासा म्हणतात ना, तो मीच. राजाला मी कधी भेटलो नाही. माझी ऊठबस पाववाले, न्हावी आणि मासळी विकणाऱ्या बायकांत. बायका मला चावून बघत, तोंड वाकडं करत आणि तरी ठेवून घेत.

पुढे एका आजीबाईंनी मला मडक्यात घालून अंगणात पुरलं आणि कुठे पुरलं तेच विसरल्या. वयोमानाने होतं असं. माझी मात्र शेकडो वर्षं मातीत गेली.

कुणीतरी खणल्यावर बाहेर निघालो तो भावंडांसकट विक्रीच्या एका पाकिटात, आणि तिथून घड्याळजींच्या घरी. घड्याळजींनी दुरुस्तीचं दुकान मुलाच्या हाती दिलं होतं. डोळ्याला लावायचं भिंग तेवढं घरी आणलं होतं, आणि त्या भिंगाला काम हवं म्हणून जुन्या नाण्यांचा नाद. त्यांनी आम्हाला शुद्ध पाण्यात भिजत घातलं, ते नेमकं बायकोच्या काचेच्या बाऊलमध्ये.

"अहो, तो बाऊल पाहुण्यांचा आहे!"

"हे पाहुणेच आहेत. फार लांबून आलेत."

"मग जाणार कधी, तेही विचारा त्यांना."

माती सुटल्यावर घड्याळजींनी दात कोरायच्या काडीने माझा कोपरान् कोपरा मोकळा केला. गुदगुल्या झाल्या, पण सोसल्या. मग जेवणाच्या टेबलावर जाडजूड पुस्तक उघडून ते माझा राजा शोधू लागले. टोकेरी मुकुट, आखूड दाढी, भलंमोठं नाक. असे राजे त्या पुस्तकात पानोपानी! अक्षरं तर माझी पार झिजलेली.

"हा तुमच्या थोरल्या मामांसारखा दिसतो," बायको ताटं हातात घेऊन जागा शोधत म्हणाली.

"मामा राजे नव्हते."

"तोरा तर तोच होता."

राजा ओळखू येत नसेल तर पाठीवरच्या चित्रावरून माग काढायचा, अशी या छंदातली रीत आहे. इथेच घड्याळजी फसले. त्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. तबकडी बघून झाली की घड्याळ आडवं फिरवायचं आणि पाठ उघडायची. मलाही ते तसंच फिरवत. पण आमच्या टांकसाळीत दोन्ही ठसे एकमेकांच्या उलटे बसवत, राजाच्या डोक्यामागे देवीचे पाय. मला आडवं फिरवलं की देवी खाली डोकं वर पाय! बिचारी शीर्षासन करून करून दमली. घड्याळजींना तिच्यात कधी झाड दिसे, कधी जहाजाचा नांगर, एकदा तर वटवाघूळ. मला सगळं कळत होतं, पण आम्हा पैशांना बोलता कुठे येतं? वाजता तेवढं येतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी नाणीवाल्यांचं मंडळ भरे. त्याचे अध्यक्ष घड्याळजींचे सख्खे मेहुणे. मागच्या बैठकीत घड्याळजींनी मोठ्या ऐटीत एक ग्रीक नाणं पुढे ठेवलं, आणि ते निघालं कुणाच्या तरी गणवेशाचं बटण.

"दाजी, पुढच्या वेळी सदराही आणा," मेहुणे म्हणाले, "बटण लावून देतो."

सगळे हसले. घड्याळजीही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत. बायकोला म्हणाले, "आता पुन्हा चुकलो तर मंडळ सोडलं, टेबल मोकळं केलं आणि सगळी नाणी तुझ्या भावाला दिली."

हे भावाच्या कानावर गेलंच. त्याचा फोन आला, "खुशाल पाठवा. भोकं पाडली की किल्ल्यांच्या जुडग्यात छान दिसतील."

भोक! माझा होता नव्हता तो मुलामा उडाला.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारीणबाई कात्री मागायला आल्या. बाई मनाने लोणी, पण डोळे पायांच्या आधी घरात शिरायचे. दुसऱ्याच्या ओट्यावर झाकलेलं भांडं दिसलं की झाकण उचलून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कात्री राहिली बाजूला, त्यांनी मला उचललं आणि झाकणासारखी खालची कड वर करून उलटलं.

"भावजी, ही कोण हो बाई?"

"कुठली बाई? तो राजा आहे," घड्याळजी पुस्तकातून मान न काढता म्हणाले.

"राजा नव्हे, मागची. तराजू घेऊन उभी आहे बघा. दुसऱ्या हातात शिंग का काय ते. भाजीवाल्याशी भांडायला निघाल्यासारखी दिसते."

घड्याळजी ताडकन उठले. "वहिनी, पुन्हा उलटा बघू. तस्संच!"

"काही मोडलं का? मी नुसता हात लावला हं!"

मोडलं काहीच नव्हतं. तराजूवाली देवी, टोकेरी मुकुट आणि उरलीसुरली दोन अक्षरं, एवढ्यावर संध्याकाळच्या आत माझा राजा सापडला. महाराज गादीवर बसले आणि काही महिन्यांतच गेले. पुस्तकात त्यांच्या नावे अवघ्या दोन ओळी. इतकी वर्षं ज्याचं तोंड अभिमानाने पोटावर मिरवलं, तो दोन ओळींचा निघाला! पण घड्याळजींनी त्या दोन ओळी बायकोला इतक्यांदा वाचून दाखवल्या, की मलाही महाराज थोर वाटू लागले.

रविवारी मेहुण्यांनी मला आडवं फिरवलं. "दाजी, हे तर झाड. तेही खुरटलेलं."

"आडवं नाही. उभं उलटा. खालची कड वर."

मेहुण्यांनी उलटलं. भिंग जवळ नेलं, आणखी जवळ नेलं. मग एकेकाने आपापली नाणी काढून हळूच उभी उलटून बघितली. मेहुण्यांनी स्वतःचं एक तर घाईघाईने खिशात परत टाकलं.

"हे शिकवलं कुणी तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

पुस्तकात वाचलं म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? पण घड्याळजींनी घसा खाकरला.

"आमच्या शेजारीणबाईंनी ओळखलं."

"त्यांचा काय अभ्यास आहे यातला?"

"काही नाही. पण दुसऱ्याच्या घरात नवी बाई दिसली, की त्या अगदी नीट निरखतात."

हशा पिकला, आणि या वेळी पहिले हसले ते घड्याळजी.

आता मी कागदाच्या छोट्या पाकिटात असतो. वर राजाचं नाव आणि खाली 'तराजूवाली'. अर्धं टेबल आम्हाला मिळालंय, अर्ध्यावर ताटं. बाऊल मात्र बायकोने कुलपात ठेवलाय. शेजारीणबाई कात्री परत द्यायला रोज येतात आणि रोज ती आणायला विसरतात. "भावजी, आज कोण नवीन आलंय?" म्हणत थेट टेबलाशी.

माझं मागणं फार नाही. मला घासू नका, भोक पाडू नका. आणि उलटून बघायचंच असेल तर त्या बाईंसारखं, झाकण उचलल्यागत उलटा. माझ्या पाठीवरची बाई आत्ता कुठे पायांवर उभी राहिली आहे.