धाकट्या कोअरचं टूल

आमच्या देवस्थळी सरांना शोधाशोध फार आवडते. सापडलेलं मात्र अजिबात आवडत नाही. सापडलं की समित्या संपतात, प्रेझेंटेशनं संपतात आणि मग काम करावं लागतं.

मी मंजुषा. नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा पुण्यातली बरी नोकरी सोडून आले आणि बेहालातल्या एका छोट्या कंपनीत चिकटले. खाली लेथचा कारखाना, वर आम्ही. आम्ही यंत्रांची कंट्रोलर कार्डं बनवतो आणि त्यांच्या आत चालणारं फर्मवेअर मी लिहिते. मालक बंगाली, सदा प्रवासात. कारभार सगळा देवस्थळी सरांचा. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, म्हणून सर मला ‘आपल्यातली’ म्हणतात. म्हणजे काय, तर गिऱ्हाइकापासून काही लपवायचं असलं की चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून माझ्याशी मराठीत बोलतात. मराठीचा एवढा उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

काम गार्डन रीचच्या एका खाजगी यार्डाचं होतं. तिथे बोटी दुरुस्त करतात. त्यांच्या जुन्या हॉइस्टला, म्हणजे वजन उचलणाऱ्या यंत्राला, आमचं नवं कार्ड बसवायचं होतं. कार्डावरच्या एकाच चिपमध्ये दोन कोअर, म्हणजे दोन मेंदू. थोरला लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम चालवतो, स्क्रीन रंगवतो, हॉइस्टला वर-खाली करतो. धाकटा साधा मायक्रोकंट्रोलर, कोपऱ्यात बसलेला. त्याला एकच काम, थोरल्यावर नजर ठेवायची. थोरला अडकून गप्प झाला की लगेच ब्रेक लावायचा. नाहीतर उघडलेला ब्रेक उघडाच राहतो आणि वजन खाली येत राहतं.

आणि यार्डात त्या वजनाखाली बापीदा असतात. हुकाला साखळ्या बांधणं, वजन टेकताना साखळी सरळ करणं हे त्यांचं काम. हुकाखाली उभं राहू नये असं यार्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय, पण साखळी काही त्या अक्षरांनी सरळ होत नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी मला हिंदीत विचारलं होतं, “दीदी, कॉम्प्युटर बंद पडला तर हे थांबेल ना?” मी म्हटलं, थांबेल. त्या माणसाला मी शब्द देऊन बसले होते.

आता धाकट्यासाठी प्रोग्राम लिहायचा तर प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर वेगळा, चिपच्या आत डोकावणारा डीबगर वेगळा. थोरल्याची टूल्स त्याला चालत नाहीत. चिपवाल्यांच्या वेबसाइटवर थोरल्याचं कौतुक पानंच्या पानं, आणि धाकट्यापाशी एकच ओळ, ‘आमच्या प्रतिनिधीशी संपर्क साधा.’ झालं. सरांना स्वर्ग दोन बोटं उरला. ‘टूल सर्च टास्क फोर्स’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. सकाळी सुप्रभातची फुलं, दुपारी वेबिनारची लिंक, संध्याकाळी सरांचा अंगठा. मग एक प्रतिनिधी आला, बेहालाच्या उकाड्यात टाय बांधून. मी विचारलं, “धाकट्या कोअरला सपोर्ट आहे का?”

“मॅडम, पूर्ण चिपला आहे,” तो म्हणाला.

डोंबलाचा सपोर्ट. चिपमध्ये दुसरा कोअर आहे हेच बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. सरांनी त्याला मिष्टी दोई खाऊ घातली आणि त्याच दुपारी त्याच्या महागड्या टूलचं लायसन्स घेतलं.

मी वेगळंच केलं. पुण्याहून येताना आणलेला माझा जुना डीबगर कार्डाला जोडला आणि चिपलाच विचारलं. प्रत्येक कोअरच्या आत त्याची ओळख कोरलेली असते, ती वाचता येते, फक्त वाचायची इच्छा लागते. चिपवाल्यांनी भारदस्त नाव देऊन विकलेला आमचा धाकटा निघाला जुन्या, ओळखीच्या घराण्यातला. त्या घराण्याचा कंपायलर जगभर फुकट मिळतो. मी तो उतरवला. मेमरीत कुठे काय बसतं याची फाइल लिहिताना दोनदा तोंडावर आपटले, पण बसलं. धाकटा जागा झाला. मी लिनक्स मुद्दाम पाडलं आणि ब्रेकचा रिले खटकन वाजला. मला इतका आनंद झाला की खाली जाऊन लेथवाल्यांना सांगून आले. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी चहा पाजला.

सरांना सांगितलं तर त्यांचा चेहराच पडला.

“फुकटचं टूल? गिऱ्हाइकाला काय सांगायचं?”

“ब्रेक लागतो, असं सांगायचं.”

“मंजुषा, तुला प्रोसेस कळत नाही. आपण लायसन्स घेतलंय ना? मग त्यातच व्हायला पाहिजे.”

आणि केलं की त्यांनी त्यातच. माझाच ब्रेकचा प्रोग्राम त्या महागड्या टूलमध्ये टाकला. ते टूल फक्त थोरल्याला ओळखत होतं, म्हणून त्याने तो थोरल्यासाठी बांधला. पहारेकऱ्याला चोराच्याच घरात बसवलं म्हणा ना. कार्डावरचा हिरवा दिवा लागला, सरांनी ऑफिसभर संदेश, ती इथली छेन्याची मिठाई, वाटला.

“सर, हे सगळं लिनक्सवर चाललंय,” मी सांगितलं. “लिनक्स पडलं की ब्रेकवाला प्रोग्रामही पडणार.”

त्यांना कळलं नाही असं नाही. संदेशचा तुकडा हातातच राहिला. मग म्हणाले, “डेमोपुरतं चालेल गं. पुढचं पुढे बघू.”

पुढे म्हणजे बापीदांच्या डोक्यावर. मला असा संताप आला की त्या दिवशी मी घरी भाजीत मीठ दोनदा घातलं. माझा प्रोग्राम मी एका मेमरी कार्डात भरला आणि ते पर्समध्ये ठेवून डेमोला गेले.

यार्डाचे मालक मित्रबाबू नवा झब्बा घालून तयार होते. सरांचं मेमरी कार्ड कंट्रोलरमध्ये, हुकाला एक गंजलेलं बोटीचं इंजिन. सर बटणं दाबत होते, इंजिन वर जात होतं, खाली येत होतं, आणि सर इंग्रजीत ‘रोबस्ट’ हा शब्द वापरत होते. मित्रबाबू खूश झाले. म्हणाले, मग आजपासूनच कामाला लावू. बापीदांना त्यांनी हात केला. बापीदा हातमोजे चढवत हुकाखाली निघाले.

“सर, थांबवा त्यांना,” मी मराठीत म्हटलं.

“आज काही लिनक्स पडत नाही,” सर हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाले. “तू गप्प बस. आपल्यातली ना तू?”

बस्स. मी हिंदीत बोलले, सगळ्यांना समजेल असं. “बापीदा, तुम्ही राहू द्या. आज तिथे सर उभे राहतील. इंजिन खाली येत असताना मी कॉम्प्युटर बंद पाडते. मित्रबाबू, तुम्ही फोटो घ्या.”

मित्रबाबूंना कल्पना भलतीच आवडली, त्यांनी मोबाइल काढला. सरांना जावंच लागलं. हुकाखाली पोचले, वर इंजिनाकडे पाहिलं, मग कीबोर्डावरच्या माझ्या बोटाकडे पाहिलं. आणि सर बाजूला झाले. चांगले भिंतीपर्यंत गेले.

“मला मानेचा त्रास आहे,” ते म्हणाले. “वर बघवत नाही.”

बापीदाही हातमोजे काढून मागे सरकले. जागा रिकामी झाल्यावर मी इंजिन खाली सोडलं आणि लिनक्स पाडलं. स्क्रीन काळी झाली, सरांचा हिरवा दिवा विझला आणि इंजिन येतच राहिलं. खाली टाकलेल्या जुन्या टायरांवर टेकलं तेव्हा टायर चपटे झाले. मित्रबाबूंनी मोबाइल खिशात ठेवला.

मी पर्समधलं कार्ड काढून आत घातलं. सगळं पुन्हा सुरू केलं, इंजिन वर नेलं, खाली सोडलं, अर्ध्यात लिनक्स पाडलं. स्क्रीन काळी झाली आणि ब्रेक लागला. इंजिन छातीएवढ्या उंचीवर जागच्या जागी थांबलं. मी आणखी दोनदा करून दाखवलं, कारण माझं समाधान होत नव्हतं.

सरांची मान लगेच बरी झाली. “हे आमच्या टास्क फोर्सचं यश,” असं काहीतरी ते मित्रबाबूंना सांगू लागले, फोटोचीही आठवण त्यांनीच करून दिली. इंजिन वर घेतलेलं होतं. सर हुकाजवळ गेले, पण एक पाऊल अलीकडेच थांबले. केस सारखे केले आणि हसऱ्या चेहऱ्याने मराठीत हळूच विचारलं, “आत आता तुझंच कार्ड आहे ना गं?”

मी बंगालीत उत्तर दिलं, यार्डभर ऐकू जाईल अशा आवाजात. “हो सर, माझंच आहे. तुमचं मी काढून ठेवलंय.”

तेव्हा कुठे सर हुकाखाली जाऊन उभे राहिले आणि अंगठा वर केला. बापीदा पुढे आले. त्यांनी सरांचा दंड धरला आणि त्यांना सावकाश बाजूला नेऊन उभं केलं.

“इथे मी उभा असतो,” ते म्हणाले आणि हातमोजे चढवू लागले.