घाण्यामागचं नाव

मी लाकडी घाणा बोलतोय. शिर्डीच्या रस्त्यावर एका हॉटेलच्या दारात मला उभं केलंय. अंगाला चकचकीत वॉर्निश, उखळात प्लास्टिकची फुलं. लोक माझ्या लाटेवर, म्हणजे उखळात उभ्या असलेल्या जाड दांड्यावर, हात ठेवून फोटो काढतात. यातून तेल निघतं का, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

माझं घर पुणतांब्याला होतं. निकितानं मला बाभळीच्या लाकडातून घडवून घेतलं, खाली मोटर बसवली. नवरा पुण्याला कंपनीत, घरी ती आणि सासू बनुबाई. गावात राहून स्वतःचं काहीतरी उभं करायचं, एवढीच तिची जिद्द. पण सुरुवातीला माझ्यातून तेल कमी आणि गाळच जास्त निघायचा. सरकारी कचेरीत विचारायला गेली, तर साहेब मिटिंगला. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, तर प्रत्येक जण शेवटी कोर्स विकायचा.

मग कुणीतरी संगमनेरच्या मोहियोद्दीनचाचांचं नाव सांगितलं. त्यांचा घाणा बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. ती नुसती भेटून आली, आणि दुसऱ्याच दिवशी चाचा एसटीनं दारात हजर. त्यांनी एक शेंगदाणा दाताखाली फोडला.

"बेटा, दाणा ओला आहे. याला ऊन दे आधी."

त्या उन्हाळ्यात ते वरचेवर आले. दाणा कसा ओळखायचा, तेल किती निवळू द्यायचं, सगळं हाताला धरून शिकवलं. बनुबाईंना अवघडल्यासारखं व्हायचं.

"चाचा, तुमी कायबी घेत न्हाई."

"भाकरी खातो की तुमच्या घरची," ते म्हणायचे.

माझं तेल लोकांना आवडू लागलं. बाहेरगावची गिऱ्हाइकं यायला लागली, आणि त्यांच्या मागोमाग रविराज सर आले. लहान उद्योजकांना मोफत मार्गदर्शन करणारी त्यांची संस्था होती. नगरच्या मेळाव्यात तुमची यशोगाथा मांडू, म्हणाले. मोठ्या दुकानांचे मालक येतील, ओळख करून देतो.

मला टेम्पोत घालून नेलं, थेट स्टेजवर. चाचाही आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. शेवटच्या रांगेत बसले. सर माझ्याआड वाकून निकिताला हळूच म्हणाले, "संस्थेचं नाव आलं की दुकानवाल्यांशी पुढचं बोलणं मला सोपं जातं." मग माईक हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ताई, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

निकितानं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"रविराज सरांनी," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. चाचांनीही वाजवल्या, मी वरून पाहत होतो. मग ते उठून बाहेर गेले. परतताना टेम्पोत त्यांच्यासाठी जागा ठेवली होती, पण ते एसटीनं निघूनही गेले होते.

दुकानांचे मालक कधी आलेच नाहीत. सर आधी मेसेज टाका म्हणायचे, नंतर फोन उचलेनासे झाले. पावसाळ्यात तेलाला खवट वास यायला लागला. बाटल्या परत येऊ लागल्या. निकितानं सगळे उपाय करून पाहिले. शेवटी बनुबाई म्हणाल्या, "अगं, त्या म्हाताऱ्याला जाऊन इचार की."

ती गेली. संध्याकाळी परतली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"काय म्हनले?"

"चहा दिला. तुमची तब्येत विचारली. तेल कसं चाललंय, म्हणाले."

"मग?"

"चांगलं चाललंय म्हटलं."

बनुबाई तिच्याजवळ येऊन टेकल्या. "त्यांनी सांगितलं असतं गं."

"माहितीये. म्हणूनच विचारवलं नाही."

दिवाळीच्या आधी मला हॉटेलवाल्यानं उचललं. निकिता आता राहात्याला एका कपड्यांच्या दुकानात जाते. सरांच्या संस्थेच्या फलकावर मात्र आम्ही दोघं अजून झळकतो. ती हसते आहे, आणि मी तेल गाळतो आहे.

मला आता यातून कुणी सोडवणार नाही. वॉर्निश प्यालेल्या लाकडातून कसलं तेल निघणार? पण तुमच्यापैकी कुणाला हा धंदा करायचा असेल, तर संगमनेरला जा. मोहियोद्दीनचाचा अजून आहेत. विचारलंत तर सगळं सांगतील, काही घेणार नाहीत. फक्त निकिताच्या घाण्यानं पाठवलं, असं त्यांना सांगू नका.